चालत्या गाडीतून उतरू नये

सावधरावांनी घरामागच्या बागेत आगगाडी आणायचं ठरवलं ते निव्वळ भीतीपोटी. लोक हौसेखातर काय वाट्टेल ते करतात, पण सावधरावांना हौस म्हणून काही नव्हतीच. असलीच तर एक होती: घराबाहेर पडल्यावर अर्ध्या वाटेतून परत येऊन गॅस बंद केलाय की नाही ते बघायची. 'सावधराव' हेही त्यांचं खरं नाव नव्हे. एका विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि तिथं हे नाव कुणी पाडलं ते पाडणाऱ्यालाही आता आठवत नव्हतं. रोज सकाळी त्यांच्या टेबलावर गावभरच्या दुर्दैवाचा गठ्ठा येऊन पडे. कुणी शिडीवरून पडलेला, कुणाच्या अंगावर शिडी पडलेली, तर कुणी हा प्रकार बघायला खिडकीतून जरा जास्तच वाकलेला. दिवसभर हे वाचून माणूस घरी आला की त्याला घर दिसत नाही, टेबलांचे कोपरे दिसतात. सावधराव स्टुलावर चढत नसत, सरकत्या जिन्याला दुरून वळसा घालत, आणि पंख्याखाली बसायची वेळ आलीच तर पंख्याच्या मध्यापासून चांगले हातभर बाजूला बसत.

हे सगळं त्यांच्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. त्यांची मुलगी, बिट्टी, दुसरीत होती. शाळेच्या मैदानावर नवी घसरगुंडी बसवली होती, आणि सगळा वर्ग तिच्यावर तुटून पडला असताना बिट्टी खाली उभी राहून बाईंना सांगत होती की तिसऱ्या पायरीचा स्क्रू ढिला आहे. बाईंनी बघितलं, तर तो खरोखरच ढिला होता. तो घट्ट केला. मग बिट्टीनं कठड्याचा एक पत्रा दाखवला. तोही ठोकून घेतला. आता परिस्थिती अशी होती, बाई सांगत होत्या, की अर्धा वर्ग घसरगुंडीखाली उभा राहून तपासणी करतो आणि वर कुणीच चढत नाही. "मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या, "पण तिला गंमत दिसायच्या आधी अपघात दिसतो."

सावधरावांची बायकोही शाळेत बरोबर आली होती. ती मुळात शांत बाई. नवरा जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उतरतो हे तिनं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं. घरी येऊन पर्स खुंटीला अडकवल्यावर मात्र ती म्हणाली, "मी तुमच्याशी लग्न केलं तेव्हा मला सगळं दिसत होतं. मी मोठी होते. तिनं काय केलंय?"

आगीची, विजेची, पाण्याची, कुत्र्याची, भूकंपाची अशी सगळी भीती सावधरावांनी आजवर बाळगली होती, पण त्या प्रत्येकीवर त्यांच्या कपाटात एकेक पॉलिसी होती. मुलगी आपल्यासारखी होईल ही भीती नवी होती आणि तिच्यावर कुठलीच कंपनी विमा उतरवत नव्हती. त्यांनी ठरवलं, मुलीला कशावर तरी बसवायचं. तिची भीती मोडायची. अर्थात संपूर्ण सुरक्षित अशा कशावर तरी.

सायकलीचा प्रश्नच नव्हता. सायकलीचे दावे त्यांच्याकडे वेगळ्या कपाटात असत. झोपाळा? झोपाळ्याचे दोर. घोडा? घोड्याला तर स्वतःचं मत असतं. मग एका मासिकात त्यांना फोटो दिसला: बागेतली आगगाडी. खेळण्यातली नव्हे, चांगली मोठी, माणसं वर बसवून नेणारी, पण उंचीला गुडघ्याच्याही खाली. सावधराव त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. गाडी रुळावरून चालते, म्हणजे ती मनाला येईल तिकडे जात नाही. पडलंच तर वीतभर पडायचं, तेही हिरवळीवर. एवढं शहाणं वाहन त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

प्रश्न राहिला इंधनाचा. बॅटरीवर चालणारी गाडी त्यांनी ताबडतोब बाद केली. पेटलेल्या बॅटऱ्यांचे दावे मागच्याच महिन्यात हातावेगळे केले होते. पेट्रोलचं तर नावच नको. उरलं वाफेचं इंजीन. सावधरावांनी आठवून पाहिलं, जुनी कपाटं उघडून पाहिली, बाजूच्या विभागातल्या हेडक्लार्कला विचारलं. वाफेच्या इंजिनानं कुणाला इजा झाल्याचा एकही दावा सबंध कार्यालयात नव्हता. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की वाफेचं इंजीन सगळ्यांत सुरक्षित. असं इंजीन गावात कुणी वापरतच नाही, म्हणून दावा नाही, हा विचार दावे विभागातल्या माणसाच्या डोक्यात येत नाही. ज्याचा कागद नाही ते संकटच नाही, ही त्यांच्या विभागाची जन्मभराची शिस्त.

इंजीन मिळालं एका निवृत्त दाताच्या डॉक्टरांकडे. ते आता वरच्या मजल्यावरच्या लहान घरात राहायला जाणार होते आणि इंजीन बरोबर नेता येत नव्हतं. इंजिनाचा प्रत्येक भाग त्यांनी स्वतःच्या हातानं, दवाखान्यातल्याच हत्यारांनी घासूनपुसून बनवला होता. देखणं होतं. गर्द हिरवा रंग, पितळेची घुमटी, आणि दात घासल्यासारखी पांढरी चाकं. डॉक्टरांनी त्यात कोळसा पेटवून दाखवला. पाणी उकळायला लागलं, दाबाचा काटा चढत गेला आणि एकाएकी वरच्या झडपेतून असा काही चीत्कार झाला की सावधराव डॉक्टरांच्या मागे जाऊन उभे राहिले. ती झडप सुरक्षेसाठीच आहे, डॉक्टर म्हणाले. दाब जास्त झाला की ती आपोआप वाफ सोडते. आणि मग, चाळीसेक वर्षांच्या सवयीनं, सावधरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जरासं जाणवेल. दुखणार नाही."

इंजीन घरी आलं तेव्हा ते उचलायला आलेल्या चार हमालांनी त्याच्याकडे पाहून आधी बिडी ओढून घेतली. बिट्टी मागच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर काय होतं? सावधरावांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी तिला सुरक्षेची झडप दाखवली. मग पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी दाखवली, आणि त्या नळीतलं पाणी दिसेनासं झालं तर बॉयलर कसा धोक्यात येतो आणि म्हणून हातपंपानं पाणी कसं भरायचं, तेही नीट समजावून सांगितलं. बिट्टीनं सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि घरात जाऊन दाराला आतून कडी लावली. पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. सावधराव सुरक्षेची एकेक सोय करत आणि मुलीला मोठ्या उमेदीनं दाखवत. आणि ज्या संकटाचं तिला नावही ठाऊक नव्हतं ते तिला त्या सोयीवरून कळे.

रूळ टाकायला घेतल्यावर असं आढळलं की गाडीला वळायला जेवढी जागा लागते तेवढी बागच नाही. दाताच्या डॉक्टरांनी जमिनीवर दोरी टाकून वळण आखलं, तर ते पेरूच्या झाडाला वळसा घालून थेट उजवीकडच्या भिंतीतून आरपार गेलं. उजवीकडे एक निवृत्त मुख्याध्यापक राहात. सावधराव त्यांच्याकडे गेले ते नकार ऐकायची मनाची तयारी करूनच, कारण भिंतीला भोक पाडू द्या असं शेजाऱ्याला सांगून कुणाचं भलं झाल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं. पण मुख्याध्यापकांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर त्यांना वेळापत्रक करायला काहीच मिळालं नव्हतं. त्यांनी दोन अटी घातल्या: गाडी त्यांच्या कर्दळीपाशी थांबली पाहिजे, आणि गार्ड ते स्वतः असतील. आठवड्याभरात त्यांनी वेळापत्रक तयार केलं, त्यात रविवारचं वेगळं, आणि हिरवं नि लाल अशी दोन निशाणं धाकट्या सुनेकडून शिवून घेतली.

हे डावीकडच्या काकूंना समजलं. काकू वयानं आणि अंगानं भक्कम, आणि रागावल्या की बोलणं बंद करत नसत, उलट वाढवत. इतकी वर्षं मी तुमच्या पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवलं, त्या म्हणाल्या, बिट्टीला कांजिण्या झाल्या तेव्हा रोज डोकावून गेले, आणि गाडी मात्र त्यांच्याकडून जाणार. सावधरावांचं काही चालेना. दुसऱ्या बाजूलाही भिंत फोडली, आणि घरामागे वाटीएवढा होणार होता तो फेरा तीन बागांचा झाला. काकूंच्या बागेत रूळ कपडे वाळत घालायच्या दोरीखालून जात होते. दोरी हलवण्याबद्दल सावधरावांनी एकदा विषय काढून पाहिला. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, आणि दोरी आहे तिथंच राहिली.

मग परवानगी. तशी कुणी मागितली नव्हती. पण परवानगीशिवाय सावधरावांनी आयुष्यात पतंगही उडवला नव्हता. नगरपालिकेच्या खिडकीवरच्या कारकुनानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे बांधकाम आहे, वाहन आहे की करमणूक. बांधकाम असेल तर ते मालकाच्या हद्दीबाहेर जातं. वाहन असेल तर नंबर पाहिजे, पुढं-मागं दिवे पाहिजेत आणि चालवणाऱ्याकडं परवाना पाहिजे. करमणूक असेल तर प्रेक्षकांसाठी स्वच्छतागृह, स्त्रिया व पुरुष वेगवेगळं. सावधरावांना तिन्ही गोष्टी सारख्याच पटल्या. कारकुनानं शेवटी दया येऊन प्रकरण 'झोपाळे व तत्सम' खाली घातलं. उठता उठता सावधरावांनी, काही लपवायला नको म्हणून, त्यात पाणी उकळतं असं सांगितलं. कारकुनानं मारलेला शिक्का पुसता येत नाही, पण त्यानं तो पुसायचा प्रयत्न केला, आणि त्यांना बॉयलरच्या कचेरीत पाठवलं.

बॉयलरचे इन्स्पेक्टर गिरण्या-कारखान्यांचे मोठे बॉयलर तपासणारे होते. नियमाप्रमाणे त्यांनी बॉयलरच्या आत शिरून पाहणी करायला हवी होती. हा बॉयलर बादलीएवढा. त्यांनी कोट काढला, बाही वर केली, झाकणातून कोपरापर्यंत हात आत घातला, डोळे मिटून थोडा वेळ चाचपलं आणि 'अंशतः प्रवेश केला' असा शेरा मारला. बॉयलर उत्तम होता. फक्त तो चालवायला प्रमाणपत्रधारक माणूस लागतो, ते म्हणाले. तेव्हा सावधराव कचेरीतून रजा घेऊन, कारखान्यातल्या धिप्पाड माणसांच्या रांगेत बसून परीक्षेला बसले. काचेच्या नळीतलं पाणी खाली जाऊ लागलं तर काय कराल, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी इतकं सविस्तर लिहिलं की पुरवणी जोडावी लागली. ते पहिले आले. घरी येऊन त्यांनी ही बातमी बिट्टीला सांगितली, तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, परीक्षा घ्यावी लागते इतकं ते वाईट असतं का?"

सावधरावांनी बागेत जाऊन आणखी दोन सुधारणा केल्या. पहिली अशी. चाकांकडे वाफ सोडून गाडी चालू करायचा जो दांडा असतो तो धक्क्यानं आपोआप हलू नये म्हणून त्यांनी त्याला एक स्प्रिंगची खिटी बसवली. खिटी बसली की दांडा जागचा हलत नसे, हे त्यांनी दांडा बंद ठेवून अनेकदा पडताळून पाहिलं. दांडा उघडा ठेवून पाहिलं नाही, कारण तसं केलं असतं तर गाडी चालू झाली असती आणि ते धोक्याचं होतं. दुसरी सुधारणा म्हणजे ब्रेक. चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तो त्यांनी इंजिनावरून काढून शेवटच्या डब्यावर, गार्डच्या हाताशी नेला. आणि तिन्ही बागांत स्वतःच्या हातानं रंगवलेल्या पाट्या लावल्या: चालत्या गाडीतून उतरू नये.

उद्घाटनाला तिन्ही घरची माणसं जमली. दाताचे डॉक्टर आले, ते दवाखान्यातला चांगला पोशाख घालून. सावधरावांनी डोक्याला हेल्मेट, हातांत जाड मोजे आणि डोळ्यांना चष्म्यावर चष्मा घातला होता. सुरक्षेची झडप एकदा किंचाळली आणि बिट्टी स्वयंपाकघरात पळाली. खिडकीच्या गजांमागं तिचे फक्त डोळे दिसत होते. सावधरावांनी तिला हाक मारली. मग बायकोनं मारली. ती यायला तयार नव्हती. इतका खटाटोप जिच्यासाठी केला ती मुलगी आत उभी, आणि गाडीत बसायला उत्सुक कोण, तर काकू. निदान एक फेरी सुरळीत झालेली पाहिली तर ती येईल, असा सावधरावांनी विचार केला. पुढं ते बसले, मध्ये काकू आणि शेवटी निशाण घेऊन मुख्याध्यापक. निशाण हललं. सावधरावांनी देवाचं नाव घेतलं आणि दांडा जरासा ओढला.

टक्, असा बारीक आवाज झाला. खिटी बसली होती.

गाडी निघाली. पेरूला वळसा घालून ती भिंतीच्या भोकातून मुख्याध्यापकांच्या बागेत शिरली आणि कर्दळ जवळ आली. सावधरावांनी दांडा आत ढकलला. तो हलेना. दोन्ही हातांनी ढकलला. स्प्रिंग चांगली महागातली घेतली होती. त्यांनी मागं वळून ब्रेक लावा असं सांगितलं, तेव्हा त्यांना दिसलं की शेवटची बैठक रिकामी आहे. वेळापत्रकात गाडी कर्दळीपाशी थांबते असं लिहिलं होतं, म्हणून मुख्याध्यापक कर्दळीपाशी उतरले होते. ते रुळाच्या कडेला ताठ उभे राहून घड्याळात बघत होते, आणि गाडी थांबली नाही याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट नापसंती होती.

गाडी सुसाट चाललीय असं सावधरावांना वाटत होतं. झाडं, भिंती, माणसं अंगावर येत होती. काकूंच्या बागेत दोरीवरची ओली चादर त्यांच्या तोंडावर फटकन बसली. चादरीतून बाहेर पडतात तोच पुन्हा घर, पुन्हा बायको, पुन्हा भोक. दुसऱ्या फेरीत डॉक्टर हिरवळीवरून ओरडून काहीतरी सांगत होते, पण त्यातलं दुखणार नाही एवढंच ऐकू आलं. तिसऱ्या फेरीत मुख्याध्यापकांनी त्यांना उशीर झाल्याचं सांगितलं. काकू मागं बसून आपल्या भाचीच्या सासरची हकिगत सांगत होत्या. गाडी गोल गोल फिरते यात काही बिघाड आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपल्या स्वयंपाकघरासमोर आल्यावर त्यांना गॅसवर ठेवलेल्या दुधाची आठवण झाली आणि त्या कोचावरून उठावं तशा उठून, पाटीकडे न बघता, निघून गेल्या.

उतरणं इतकं सोपं होतं. सावधरावांना ते कळत होतं. पण आपण उतरलो तर पेटलेला बॉयलर चालवणाऱ्याविना फिरत राहील, आणि काचेच्या नळीतलं पाणी, त्यांनी आत्ताच पाहिलं होतं, अर्ध्याच्या खाली गेलं होतं. पाणी दिसेनासं झालं की पुढं काय होतं ते त्यांनी पुरवणी जोडून लिहिलं होतं. बायको, डॉक्टर, शेजारी, सगळी माणसं रुळांच्या कडेला उभी होती. खिडकीत बिट्टी होती. हातपंप त्यांच्या मागच्याच डब्यावर, जरा वळलं तर हाताला लागेल असा होता. पण त्यांचे हात दांड्यावर जे आवळले गेले होते ते सुटेनात. सावधरावांना इतकी भीती कधीच वाटली नव्हती, आणि ती सगळ्यांसमोर, मुलीसमोर वाटत होती, याची लाज त्याहून मोठी होती. ते स्वतःशी पुटपुटत होते. अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि दोन्ही चष्म्यांवर वाफ धरल्यामुळे त्यांना जवळजवळ काही दिसत नव्हतं.

अशा वेळी त्यांच्या शेजारून कुणीतरी बोललं.

"बाबा, तू रडतोयस का?"

बिट्टी होती. त्यांनी मान वळवून पाहिलं. ती गाडीबरोबर चालत होती. धावत नव्हती, साधी चालत होती, आणि मधूनच गाडी मागं राहू नये म्हणून थोडी थांबतही होती.

"लांब हो," सावधराव म्हणाले. "जवळ येऊ नकोस. आत जा."

"तू घाबरलायस?"

एरवी त्यांनी नाही म्हटलं असतं. बापानं म्हणायचं तेच म्हटलं असतं. पण खोटं बोलायलासुद्धा थोडा श्वास लागतो आणि तेवढा त्यांच्याकडे उरला नव्हता. "हो," ते म्हणाले. "खूप घाबरलोय गं."

समोर भिंतीचं भोक येत होतं. तिच्या आईनं ते पाहिलं आणि ती पुढं धावली, मग मधेच थांबली आणि तिनं आपले हात आपल्याच पाठीमागं धरून ठेवले. बिट्टीनं इंजिनाकडे पाहिलं, झडपेकडे पाहिलं, आणि डोळे गच्च मिटून मागच्या बैठकीवर बसली. भोकातून जाताना तिनं बापाच्या शर्टाची पाठ मुठीत धरली होती. "मी पण घाबरलेय," ती पाठीशी तोंड लावून म्हणाली, "पण तू एकटाच होतास."

आजवर घाबरलं की सावधराव एकटेच घाबरत; दुसरं कुणी सोबतीला येऊन घाबरेल हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. पाठीवरची ती लहानशी मूठ थरथरत होती. त्यांचीही पाठ थरथरत होती. आणि आश्चर्य असं की, डोकं मात्र थोडं चालायला लागलं.

"नळीतलं पाणी दिसतंय का?" त्यांनी विचारलं. "मला दिसत नाहीये."

बिट्टीनं त्यांच्या काखेखालून पाहिलं. "तळाशी आहे. थोडंसंच."

"तुझ्या उजव्या हाताला पंप आहे. मी दाखवला होता."

"माहितेय," ती म्हणाली. "सगळं माहितेय मला."

तिनं दोन्ही हातांनी पंपाची दांडी धरली आणि जोर लावून वर-खाली करू लागली. एका वळणाला तिचा तोल गेला, पण तिनं दांडी सोडली नाही. चादर आली तेव्हा तिनं ओरडून बापाला वाकायला सांगितलं आणि दोघंही वाकले. ती पाण्याची बातमी देत होती: वाढतंय, वाढतंय, अर्धं झालं. गार पाणी आत गेलं तसा दाबाचा काटा उतरायला लागला. चाकांचा ठेका मंदावला. मुख्याध्यापकांच्या कर्दळीपाशी गाडीला थोडा चढ होता. तो चढता चढता इंजिनानं एक लांब सुस्कारा टाकला आणि ते उभं राहिलं. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, वेळ लिहून घेतली आणि लाल निशाण दाखवलं.

सगळे धावत आले. डॉक्टरांनी वाकून खिटी पाहिली, खिशातून एक बारीक चिमटा काढला आणि दात उपटावा तशी ती उपटून सावधरावांच्या तळहातावर ठेवली. बायको जवळ येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सावधरावांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तिनं बिट्टीला उचलायला हात पुढं केले, पण बिट्टी उठायला तयार नव्हती.

"माझे पाय बघ कसे कापतायत," ती म्हणाली. तिनं फ्रॉक जरा वर करून गुडघे दाखवले. खरंच लटपटत होते. हे ती एखादं बक्षीस दाखवावं तसं दाखवत होती. सावधरावांनी हेल्मेट काढलं, चष्मे काढले, आणि आपला पाय तिच्या पायाशेजारी ठेवला. तोही चांगला लटपटत होता. दोघं बराच वेळ त्या चार गुडघ्यांकडे बघत बसले.

"माझे जास्त," बिट्टी म्हणाली.

"तुझेच जास्त," सावधरावांनी कबूल केलं.

तिनं पितळी घुमटीला बोट लावून पाहिलं, पोळलं म्हणून चटकन मागं घेतलं, आणि ते तोंडात घालून थोडा विचार केला. मग म्हणाली, "कोळसा घाल ना. आता मी पुढं बसते."

सावधरावांच्या डोळ्यांपुढं दावे विभागातली सगळी कपाटं एकामागून एक उघडली. त्यांनी बायकोकडे पाहिलं; तिनं हात पुन्हा पाठीमागं धरले होते. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा जिभेवर एक नाही, सुरक्षेच्या चार-पाच सूचना तयार होत्या, आणि त्यांतली प्रत्येक बरोबर होती. त्यांनी तोंड मिटलं. आपले मोठे जाड मोजे काढून तिच्या हातांत घातले, आणि उठून मागच्या बैठकीवर जाऊन बसले.